अमेरिकेत घरी बनवलेल्या बंदुकीवर नंबर कोरणं सक्तीचं आहे का? ट्रॉफीच्या दुकानातून लेझरने करून घेतलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. दुसऱ्याचं बदलत नाही, आणि 'अक्षरं दिसतायत ना, मग झालं' म्हणणाऱ्या लेझरवाल्यांशी माझं वाजतं ते त्यावरूनच.

एटीएफच्या (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्याच्या) नियमात अक्षरांची उंची किमान १/१६ इंच आणि खोली किमान ०.००३ इंच आहे. ही खोली झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहूनही कमी, तरी लोक चुकतात. काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर लेझरचा एक हात फिरला की रंग उडतो आणि पांढरी अक्षरं झळकतात. पण तो रंगाचा थरच मुळी ०.००१-०.००२ इंचाचा. खालचा धातू जवळपास तसाच राहतो. ताकद वाढवली तर कडेला वितळलेल्या धातूची वरंबी उभी राहते. तिच्या माथ्यापासून मोजलं की गेज खुशाल ०.००३ दाखवतं, पण खोली धरायची असते सपाट पृष्ठभागापासून. म्हणून कडा घासून काढा, सुईच्या टोकाचं डेप्थ गेज लावा आणि ०.००५ पर्यंत उतरा. वरून सेराकोट (सिरॅमिकचा संरक्षक रंग) मारणार असाल तर तो खाचेतही बसतो, तेवढी खोली जास्त ठेवा. पॉलिमरच्या (प्लॅस्टिकच्या) फ्रेमवर, म्हणजे बंदुकीच्या मूळ सांगाड्यावर, थेट कोरलेलं धरत नाहीत. आत कायमची रुतवलेली धातूची पट्टी लागते, नंबर तिच्यावर.

आता सक्तीचं. स्वतःच्या वापराच्या साध्या रायफल-पिस्तुलावर नंबर टाका असं फेडरल कायदा सांगत नाही. ती परवानाधारक दुकानाच्या वहीत चढली की मात्र २४ ऑगस्ट २०२२ पासूनचा एटीएफचा नियम लागतो: ताब्यात आल्यापासून सात दिवसांत कोरायचं, त्याआधी बाहेर जाणार असेल तर त्याआधी. दुरुस्त करून त्याच दिवशी मालकाला परत दिली तर सूट. आकडा दुकानाचा असतो: परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक, आडवी रेघ, मग पूर्वी न वापरलेला क्रमांक. या खुणा टाकण्याचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो. ट्रॉफीवाला परवानेवाल्याच्या थेट देखरेखीखाली कोरू शकतो, आपल्या जिवावर नाही.

कॅलिफोर्नियात उलटं: जुलै २०१८ पासून आधी राज्याकडून नंबर घ्या, मग बनवा, आणि बनल्यापासून दहा दिवसांत कोरा. २०२२ पासून तर तिथे बिननंबरी अर्धवट रिसीव्हर (रायफलचा तसाच मूळ सांगाडा) विकायलाच बंदी आहे.

सायलेन्सर किंवा १६ इंचांहून आखूड नळीची रायफल असेल तर फॉर्म १ (एटीएफकडे करायचा परवानगीचा अर्ज) मंजूर होईपर्यंत कामाला हात लावू नका. तिथे नंबरासोबत बनवणाऱ्याचं नाव, शहर, राज्य आणि कॅलिबरही कोरावं लागतं.

आणि तुम्ही एच-१बीवर असाल तर वरचं काहीच तुमच्या कामाचं नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखा अपवाद नसेल तर बंदूक जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे, नंबर कितीही खोल कोरलेला असो. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.