आजच्या पॉपस्टार्सपैकी ४०-५० वर्षांनी कोण आठवणीत राहील?

माझा अंदाज: टेलर स्विफ्ट आणि बियॉन्से नक्की, अडेल बहुधा.

आजचे व्ह्यूज बघून यातलं काही कळत नाही. १९९६ मध्ये 'माकारेना' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं अजून लग्नात वाजतं, पण गायकांचं नाव (लोस देल रिओ) कितीजण सांगतील? म्हणजे एक गाणं पुरत नाही. वेगवेगळ्या काळातली पाच-सहा तरी लागतात.

दुसरं, गाणं दरवर्षी परत यायला निमित्त हवं. मरायाह कॅरीचं १९९४ चं नाताळचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते थेट २०१९ मध्ये. आपल्याकडे गणपतीतली गाणी अशीच टिकलीत. केट बुशचं १९८५ चं गाणं एका वेबसिरीजमुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं. पण ते सिरीजमध्ये वापरायला परवानगी देणारं कुणीतरी लागतं, म्हणून हक्क कुणाकडे आहेत हे फार महत्त्वाचं. स्विफ्टने चार जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले आणि २०२५ मध्ये पहिल्या सहा अल्बमच्या मूळ रेकॉर्डिंगचे हक्कही विकत घेतले. तिची गाणी सिनेमा-सिरीजमध्ये कुठे वापरायची हे आता मुख्यतः तीच ठरवणार.

अडेलची गाणी स्पर्धांमध्ये होतकरू गायक गातात, हाही टिकण्याचाच मार्ग. एड शीरनबद्दल मी साशंक आहे: लग्नातली गाणी राहतील, नाव कदाचित नाही.

स्वतः तपासायचं तर कलाकाराची दहा वर्षांहून जुनी गाणी काढा आणि आज कॉलेजात असलेल्या पोराला त्यातली किती येतात ते विचारा.