वाचकांचे प्रश्न : घरचं वायफाय, ऑफिसचं नेटवर्क

या अंकासाठी निवडलेली पत्रं खानापूर, बेळगाव, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातली आहेत. बहुतेकांचा सूर ‘कोणता महाग राउटर घेऊ?’ असा आहे. पैसे घालण्याआधी नेट नेमकं कुठे अडतंय ते शोधा, असा आमचा आग्रह आहे. म्हणून उत्तरांत तपासणी आधी आली आहे आणि खरेदी नंतर.

प्रश्न : आमचं घर जांबोटी भागात, जुनं, जांभ्या चिऱ्यांचं. फायबरची पेटी सोप्यात आहे; तिथे स्पीड १०० मेगाबिट मिळतो. माजघरात २०, आणि मागच्या खोलीत मुलीच्या अभ्यासाच्या जागी जेमतेम एक दांडी. त्या खोलीत एक्स्टेंडर लावला. दांड्या आता पूर्ण दिसतात, पण व्हिडिओ क्लास अडकतोच. चार अँटेनांचा राउटर घेतला तर भागेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नाही भागणार, आणि त्याचं कारण भिंतीत आहे. जुन्या घरांतल्या चिऱ्यांच्या भिंती फूट-दीड फूट जाड असतात. जांभा सच्छिद्र दगड; खानापूरच्या पावसात तो पाणी धरून ठेवतो. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे मे महिन्यात बरं चालणारं नेट जुलैत मंदावलं तर नवल नाही. सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत अशा दोन किंवा तीन भिंती आडव्या येतात. राउटरला अँटेना कितीही असल्या तरी मुलीच्या फोनलाही त्याच भिंतींतून उलट उत्तर पाठवावं लागतं, आणि फोनमधला ट्रान्समीटर आहे तेवढाच राहतो.

एक्स्टेंडरने फसगत का झाली तेही पाहा. फोनवरच्या दांड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातला सिग्नल दाखवतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातला सिग्नल मेलेलाच आहे. शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) ऐकतो आणि त्याच बँडवर पुढे बोलतो, म्हणून हाती येणारा वेग साधारण निम्मा होतो. आहे तोच एक्स्टेंडर मागच्या खोलीतून काढून माजघरात, दाराच्या रेषेत, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर लावून पाहा. एवढ्याने क्लासपुरतं काम झालं तर एक पैसाही घालू नका. फोनमध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दाखवणारं एखादं ॲप घ्या. व्हिडिओ क्लाससाठी उणे ६७ किंवा त्याहून बरा (म्हणजे उणे ६०, उणे ५०) आकडा हवा. उणे ८० आला तर त्या जागेची आशा सोडा.

कायमचा इलाज म्हणजे मागच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ (केबलने आलेलं नेट वायफायने पसरवणारा) म्हणून लावणं. कपाटात पडलेला जुना राउटरही चालेल. केबल कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. ती हलकी असते, वाकवली की आतून तुटते. चाकूने तारेचा मुलामा खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर परत करा. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा म्हणजे पाणी आत येत नाही, आणि केबल भोकात शिरण्याआधी खाली लोंबता झोका सोडा. आधी केबल ओवा, मग टोकाला कनेक्टर बसवा. उलट केलं तर भोक दुप्पट मोठं पाडावं लागतं. विजेच्या वायरच्या पाइपातून ही केबल नेऊ नका, वेगळा पाइप टाका.

कनेक्टरमधला रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबलची बाजू आपल्याकडे धरली की हा क्रम डावीकडून मोजायचा. कनेक्शन २०० मेगाबिटचं असून केबलवर बरोबर ९४-९५ मिळत असतील, तर आठांपैकी एखादी तार नीट बसलेली नाही असं समजा. चार तारांवर १०० मेगाबिट चालतं, गिगाबिटला आठही लागतात. (एखाद्या उपकरणाचा पोर्टच १०० चा असला तरी हाच आकडा दिसतो, तेवढं आधी बघा.)

आता दुसऱ्या राउटरची मांडणी. तो मुख्य नेटवर्कला जोडण्याआधी लॅपटॉपला केबलने जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आकडे इंग्रजीत टाइप करायचे. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की काम संपलं. नसेल तर असं करा. मुख्य पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा लॅन पत्ता (घरच्या नेटवर्कातला पत्ता) १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केल्यावर पान बंद पडेल. नव्या पत्त्याने पुन्हा उघडा. मग डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य पेटीसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. सोप्यातून आलेली केबल शेवटी त्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टात घातली तर त्याच्यामागे वेगळंच नेटवर्क तयार होतं, आणि मागच्या खोलीतून सोप्यातला प्रिंटर किंवा टीव्ही सापडत नाही.

कंपनीने दिलेल्या फायबरच्या पेटीचं रिसेटचं बारीक भोक मात्र टाचणीने दाबू नका. ते दहा सेकंद दाबलं की तिच्यातलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीने लाइनसाठी ठरवलेला) क्रमांक पुसला जाऊ शकतो, आणि मग लाइनमन येईपर्यंत घर बंद.

प्रश्न : शहापुरात भिंतीला भिंत लागून घरं. रात्री नऊनंतर नेट रेंगाळतं. फोनवर शेजारच्या पंधरा-वीस वायफायची नावं दिसतात. शिवाय नवा कॅमेरा काही केल्या जोडला जात नाही. आणखी एक : वायफायचं नाव मराठीत ठेवता येतं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : रात्री नऊलाच लॅपटॉप केबलने थेट पेटीला जोडून वेग मोजा. केबलवरही मंद असेल तर दोष लाइनचा. लागोपाठ तीन-चार रात्रींचे आकडे वेळेसह लिहून तक्रार करा. आकडे हाती असले की तक्रार टोलवता येत नाही. केबलवर ठीक आणि वायफायवर मंद असेल तर दोष गर्दीचा.

२.४ गिगाहर्ट्झ बँडात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. ‘मधला मोकळा दिसला’ म्हणून ३ किंवा ८ निवडणारा दोन्हीकडची गडबड ऐकतो आणि स्वतःही दोघांना त्रास देतो. तिघांतला त्यातल्या त्यात रिकामा निवडा, चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे चॅनेल पुष्कळ आहेत, आणि तो बँड भिंतींत लवकर मरतो हा त्याचा दोष तुमच्या गल्लीत गुणच ठरतो, कारण शेजाऱ्यांचाही सिग्नल तुमच्यापर्यंत पोचत नाही.

कॅमेरा बहुधा फक्त २.४ वर चालणारा आहे. दोन्ही बँडांना एकच नाव असेल तर फोन ५ वर असतो आणि कॅमेऱ्याची जोडणी फसते. दोन बँडांना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा, कॅमेरा जोडा. तरी नाही झालं तर वायफायच्या सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए३’ वरून ‘डब्ल्यूपीए२’ वर आणून पाहा.

नाव मराठीत चालतं. मर्यादा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, पाय मोडण्याचं चिन्ह हीसुद्धा वेगळी मोजायची. म्हणजे जास्तीत जास्त दहा चिन्हं. ‘बेळगाव’ सहा चिन्हांत बसतं. काही जुने प्रिंटर असं नाव वेडंवाकडं दाखवतात. पासवर्ड मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच ठेवा, किमान आठ लागतात, बारा ठेवा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत आठ संगणक, दोन प्रिंटर. दिवसातून एक-दोनदा कुणाच्या तरी पडद्यावर ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ येतं, प्रिंटर गायब होतो. राउटर बंद-चालू केला की तासभर बरं.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे दोन उपकरणांना एकच पत्ता मिळणं. ऑफिसात पत्ते वाटणारे दोन जण झाले आहेत, अशी दाट शक्यता. कुणीतरी वायफाय वाढवायला दुसरा राउटर जोडला असेल आणि त्याचा डीएचसीपी चालूच राहिला असेल. अडचणीच्या वेळी संगणकावर काळ्या पडद्यात (कमांड प्रॉम्प्ट) ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा इंग्रजीत देऊन ‘डीएचसीपी सर्व्हर’समोरचा आकडा पाहा. दोन संगणकांवर दोन वेगळे आकडे दिसले की चोर सापडला. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे त्याचा डीएचसीपी बंद करा.

दुसरी शक्यता प्रिंटरची. त्याला हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या पट्ट्यात येत असेल, तर राउटर तोच पत्ता एखाद्या फोनलाही देऊन टाकतो. वाटप १९२.१६८.१.१०० ते १९९ एवढंच ठेवा. जादा राउटर २ ते ९, प्रिंटर ५० आणि ५१, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर ६०, असं ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद राउटरच्या पेटीत चिकटवा. पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचेल.

आठही संगणक केबलवर आणा. सोळा पोर्टांचा गिगाबिट स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारी पेटी) पुरतो. सगळं नेटवर्क एकाएकी ठप्प होऊन स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले, तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलीत का ते बघा. झाडलोट करताना लोंबणारं टोक कुणीतरी ‘नीट’ लावून ठेवतं.

आणि लोकांच्या ठेवींचा कारभार जिथे चालतो तिथे हे ऐच्छिक धरू नका : राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून, पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) आणि राउटर बाहेरून चालवण्याची सोय बंद करा, सभासदांच्या फोनसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळं द्या, कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी वायफायचा पासवर्ड बदला.

प्रश्न : घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की नेट जातं आणि पाच मिनिटांनी येतं.
— एक वाचक, उचगाव

उत्तर : लाइट जाताना इन्व्हर्टर पलटायला वेळ लावतो, तेवढ्यात पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असतो. तो यूपीएसवर करा. भागलं नाही तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे, अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत, आणि पिनचा आतला ध्रुव धन आहे याची खूण पाहून घ्या. क्षमतेचा हिशेब सोपा : ८००० एमएएच गुणिले ३.७, भागिले १००० म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. त्यातले २५ हाती येतात. १० वॅटची पेटी त्यावर अडीच तास चालते. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप द्या.

एवढं करूनही लाइट गेली की लाल ‘लॉस’ दिवा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याची खूण) लागून नेट जात असेल, तर खांबावरच्या डब्यात तुमच्या केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच असेल. त्याला बॅटरी बसवायला सांगा.

प्रश्न : घरापासून गोठा १३० मीटर, मध्ये ऊस. गोठ्यावर दोन कॅमेरे हवेत. तांब्याची केबल ओढू का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : नको. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, आणि त्याहून मोठं कारण वीज. जवळपास वीज पडली की लांब तार तो झटका घरात आणते आणि राउटर, टीव्ही, रेकॉर्डर एकदम जातात. छपरावरून छपरावर वायरलेस डिश लावली तर समोरासमोर दृष्टी मोकळी हवी. डिश खाली असतील तर ऊस डोक्यावर गेला की ती राहत नाही.

फायबर ओढा. सिंगल मोड, एक कोअरची (एकच तंतू असलेली) ड्रॉप केबल आणि मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी पेटी) जोडी लागेल. जोडीत एक ‘ए’ आणि दुसरा ‘बी’ असावा लागतो. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो, दुसरा १५५० वर. दोन ‘ए’ आणले तर दिवा लागणार नाही. कनेक्टर निळे तर दोन्हीकडे निळे. हिरवं टोक निळ्या खाचेत घालू नका, प्रकाश नीट जुळत नाही. टोकांची जोडणी भागातल्या फायबरवाल्याकडून मशिनवर करून घ्या. केबलमध्ये ताणासाठी पोलादी तार असते. ती दोन्ही इमारतींच्या बाहेरच तोडून खुंटीला बांधा, आत नेऊ नका, नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळते. वळणं हाताच्या मुठीपेक्षा लहान करू नका, आणि जोडलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका; आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. गोठ्यातला कन्व्हर्टर धूळ आणि शेणाच्या वाफेपासून दूर, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, जमिनीपासून सहा फूट वर बसवा.