गाडी कुठंही लावा, नळाला हात लावू नका

या वेळचं पत्र ॲरिझोनातून आलंय. लिहिणाऱ्या ताई ६६ वर्षांच्या, यजमान ७१, दोघंही निवृत्त. पत्र मोठं आहे, मी थोडक्यात देते.

"गेल्या वर्षी आम्ही मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी घेऊन फिनिक्सहून सिॲटलपर्यंत रमतगमत गेलो. वाटेत पुतणे, भाचरं, यांचे जुने मित्र. त्यांच्या ड्राइव्हवेत गाडी लावायची, होज लावून टाकी भरायची, रात्री आपल्या गाडीत झोपायचं. कुणाला तोशीस नाही. आता तसंच मराठवाड्यात करायचं ठरवलंय. मार्चमध्ये येऊ, पाडवा परभणीला नणंदेकडे, मग नांदेड, लातूर, तुळजापूर आणि शेवटी माझं माहेर. एप्रिलअखेर परत. मुलगी म्हणते, या वयात हे काय खूळ? यांना गाडी स्वतः चालवायची आहे. लातूरच्या दिरांशी शेताच्या वाटणीवरून अकरा वर्षं धड बोलणं नाही, त्यांच्या दारात जावं का? आणि भेटवस्तू काय न्याव्यात?"

ताई, बेत ऐकून मला हेवा वाटला, हे आधी सांगते. आपल्या अमेरिकेतल्यांपैकी किती जण भारतात जातात आणि पुण्या-मुंबईला आठ दिवस मॉलमध्ये काढून, एका हॉटेलात सगळ्या नातेवाइकांना एकदम जेवू घालून परत येतात. तुम्ही परभणीपर्यंत जाताय, दारोदार जाताय. पण तुमचे सगळे प्रश्न बाजूला राहिले आणि माझी नजर अडकली ती चार शब्दांवर. होज लावून टाकी भरायची.

अहो, कुठला होज? आणि कुणाच्या नळाला?

तुमच्या त्या गाडीत चाळीस गॅलनची टाकी असेल, तर ते दीडशे लिटर झाले. आपल्या हिशेबात पंधरा लिटरचे दहा हंडे. परभणीत तुमच्या नणंदबाई मार्चअखेरीला हे दहा हंडे कसे साठवतात, ठाऊक आहे? नळाला पाणी रोज येतं असं धरून चालू नका. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत, शहरांतल्या कित्येक गल्ल्यांत ते चार दिवसांआड, आठ दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा पहाटे तीनला सुद्धा येतं. मग उठायचं, मोटर लावायची, आधी हौद, मग गच्चीवरची टाकी, मग पिंप, मग घरातली पातेली, शेवटी तांबे-पेलेसुद्धा. आणि तुम्ही दारात मोटरहोम उभी करून हसतमुखाने नळी जोडणार. नणंदबाई काही बोलणार नाहीत. "भरा की वहिनी, काय होतंय त्याला" असंच म्हणतील. आपल्याकडे पाण्याला नाही म्हणायची रीत नाही, आणि त्याचाच आपण परदेशातले लोक नकळत फायदा घेतो.

मी सांगतेय ते कुणाचं ऐकून नाही. आमच्याच घरात घडलंय.

२०१६ च्या एप्रिलमध्ये पुतण्याच्या लग्नाला आम्ही लातूरला गेलो होतो. तो उन्हाळा आठवत असेल तुम्हाला. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. न्यू जर्सीत बसून ती बातमी आम्ही पाहिली होती, फोटो पुढे पाठवले होते, हळहळलो होतो. आणि त्यानंतर आठच दिवसांनी आमचे हे माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या मोरीत नळ सोडून दाढी करत होते. वीस वर्षांची सवय! एका हातात रेझर, डोळे आरशात, आणि खाली गच्चीवरच्या टाकीतलं विकतचं पाणी चाललंय धो धो. मग अंघोळ. अमेरिकेत शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनची, म्हणजे साडेनऊ लिटरची मर्यादा कायद्याने घातलेली आहे, त्या हिशेबानेही दहा मिनिटांत पंचाण्णव लिटर जातात. अक्कांकडे तर नुसता नळ होता, मर्यादा माणसाने आपली आपण ठेवायची.

त्या रात्री मला झोप येईना म्हणून मागच्या दारी गेले. अक्का दिव्याखाली एकट्या बसलेल्या. पाहुण्यांनी जेवून हात धुतले ते पाणी त्यांनी मोरीच्या तोंडाशी घमेलं लावून धरलं होतं. तांदूळ धुतल्याचं पाणी वेगळ्या बादलीत. पेल्यांत उरलेलं पिण्याचं पाणी, कुणी अर्धं प्यालेलं, कुणी घोटभर, ते एका पातेल्यात जमा करत होत्या. घमेल्यातलं संडासाला, तांदळाचं तुळशीला, पेल्यातलं भांडी विसळायला. आणि भांडी तरी कशी, आधी राखेने कोरडी घासून, फडक्याने पुसून, मग एकदाच बुडवून काढायची. मी विचारलं, "अक्का, नवरदेव कुठंय?" तर म्हणाल्या, "मित्राच्या रूमवर गेलाय अंघोळीला. तिथं बोअर हाय." उद्या ज्याला हळद लागायची, तो पोरगा दुसऱ्याच्या घरी अंघोळीला गेला होता, कारण त्याच्या वाटणीचं पाणी काकांनी दाढीत सांडलं होतं.

मी ह्यांना सांगितलं. हे व्यवसायाने इंजिनीअर, त्यातही द्रवपदार्थांच्या पाइपलाइनवाले! गप्पच बसले. तेव्हापासून न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या आमच्या घरीसुद्धा एका मगात दाढी करतात. अंघोळ मात्र पुन्हा वीस मिनिटांवर गेली आहे, खोटं कशाला बोलू?

तेव्हा ताई, पहिलं म्हणजे महिना बदला. मार्च-एप्रिल म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या, टँकर सुरू झालेले किंवा व्हायच्या बेतात. तुम्हाला बर्फ चुकवायचंय असंही नाही, फिनिक्सला कुठलं आलंय बर्फ? डिसेंबर-जानेवारीत या. आडांना पाणी असतं, ज्वारी हुरड्यात येत असते, आणि तुमचं माहेर धाराशिवकडचं म्हणजे येळवस तुम्हाला नव्याने सांगायला नको. मार्गशीर्षातली ती अमावस्या, शेतातली कडब्याची कोप, डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन बांधावरून चाललेल्या बाया, भज्जी आणि बाजरीचे उंडे. परगावी गेलेली माणसं त्या दिवशी गावात येतात. सगळे नातेवाईक एका शिवारात भेटले तर तुमचं निम्मं डिझेल वाचेल.

दुसरं. प्रत्येक घरी फोन करून विचारा, "पाणी कधी येतं?" मुक्काम किती, जेवायला काय, हे नंतर. पाण्याच्या दिवशी कुणाच्या दारात उतरू नका. त्या दिवशी घरात कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो आणि तुम्ही मोटरच्या वायरीत पाय अडकवून पडाल ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी जा, तेव्हा हौद भरलेला असतो आणि घर निवांत असतं.

तिसरं, गाडीची टाकी बाहेर भरायची. पाणी विकणारे सगळीकडे आहेत, वीस लिटरचे जारही मिळतात. वापराच्या पाण्याची सोय गाडी भाड्याने देणाऱ्यालाच विचारून ठेवा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तशा गाड्या भाड्याने मिळतातही, पण अमेरिकेत अशा गाड्या उभ्या करायला आर.व्ही. पार्क असतात, तशी वाटेत जागोजागी पाण्याची, विजेची जोडणी असेल ही अपेक्षा ठेवू नका. आणि भरण्यापेक्षा रिकामं करणं अवघड. गाडीतल्या संडासाची टाकी कुठे मोकळी करायची, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं. लाजू नका. अमेरिकेत ती रिकामी करायला डंप स्टेशन असतं, मराठवाड्यात गल्लीतली उघडी गटार असते, आणि त्या गटारीच्या पलीकडे तुमच्या नणंदेची शेजारीण राहते, जिच्याशी नणंदेला तुम्ही गेल्यावरही जन्म काढायचाय. मी तर म्हणेन तो संडास वापरूच नका. घरातला वापरा, बादलीने पाणी टाका.

रात्री झोपायला मात्र खुशाल गाडीत जा, गुडघ्यांना जमिनीवरची गादी झेपत नसेल तर. पण पहिली रात्र घरात.

आता एक उलटा दोष. पाणी जास्त सांडणारे आपण, तेच दिलेलं पाणी घेत नाही. दारात पाऊल ठेवलं की गुळाचा खडा आणि तांब्या पुढे येतो, आणि आपण पर्समधली बाटली वर करून दाखवतो: "आम्हाला हेच लागतं." पोट बिघडतं, मान्य. माझंही बिघडतं. पण आठ दिवस राखून ठेवलेल्या पाण्यातला सगळ्यांत स्वच्छ तांब्या, फडक्याने गाळून, तिने तुमच्यासाठी आणलेला असतो. माझ्या परभणीच्या आत्याने माझ्या मुलाला असा पेला दिला, आणि आमच्या दिवट्याने त्यात हात बुडवून सॅनिटायझर धुतला. आत्या हसली. मला ते हसू अजून दिसतं. म्हणून सांगते, तांब्या दोन्ही हातांनी घ्या, गूळ तोंडात टाका आणि म्हणा, "आता चहा टाका बघू." चहाचं पाणी उकळलेलंच असतं. तांब्यातलं पाणी तसंच खाली ठेवा, ओतू नका.

भेटवस्तूंचं उत्तर यातच आलं. चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या पुरे झाल्या, कपाटात पडून असतात. एखाद्या भाच्याला हाताशी धरा आणि तुमच्या मुक्कामात घरच्या हौदात एक टँकर गुपचूप टाकून घ्या. पैसे वहिनींच्या हातात देऊ नका, अपमान होतो, टँकर आला की मात्र कुणी परत पाठवत नाही. सढळ हात असेल तर गच्चीवरचं पावसाचं पाणी हौदात किंवा बोअरमध्ये उतरवायची पन्हाळ, पाइप, गाळणी करून द्या. हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर सत्तर हजार लिटर, गळती-बाष्प वजा करून पन्नास हजार तरी पदरात. तुमच्या यजमानांना हातात काम हवंच असणार. गाडी चालवण्यापेक्षा हे बघू द्या.

गाडी चालवायचं राहिलंच. नाही. ड्रायव्हर घ्या. इतकी वर्षं उजवीकडून चालवलेल्या माणसाने एकाहत्तराव्या वर्षी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे डावीकडून चालवायला शिकू नये. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून सगळाच्या सगळा, ७०१ किलोमीटर, खुला झालाय, त्याने जालन्यापर्यंत आरामात याल. पुढे परभणी-नांदेडकडे वळलात की ड्रायव्हरची किंमत कळेल.

मुलीचं मनावर घेऊ नका, तिला रोज रात्री एक फोटो पाठवा.

दिरांकडे जा. वाटणीचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर यजमानांना चपला शोधायला लावा. अकरा वर्षांचं एका मुक्कामात मिटत नसतं, पण भावकीत दारावरून गाडी पुढे नेली तर ते आणखी बावीस वर्षं पुरतं.

हे लिहिता लिहिता अक्कांना फोन लावला. म्हटलं, आमच्या एक ओळखीच्या ताई मोठी गाडी घेऊन लातूरला येतायत, तुमच्या बोळात शिरेल का? त्यांनी गाडीची लांबी विचारली नाही, माणसं किती तेवढं विचारलं. मग म्हणाल्या, "गाडी मारुतीच्या देवळापशी लाव म्हण, जेवायला घरीच. पर बुधवारी नको गं बाई, बुधवारी पाणी येलालंय."