कुकीज नाकारल्या तर वेबसाइट चालते का? आणि ब्राउझरमध्ये त्यांना आवर कसा घालायचा?

चालते. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. ज्या साइटवर 'सर्व नाकारा' दाबल्यावर खरेदी अडते, ती बनवणाऱ्यांनी काम नीट केलेलं नाही. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: नाकारल्यावर साइट बिघडेल का, आणि क्रोममध्ये हे कायमचं कसं बंद करायचं. दुसऱ्याकडे येतेच. पण पहिल्या प्रश्नावरून माझं ऑफिसात कडाक्याचं भांडण झालेलं आहे, म्हणून आधी ते.

मी पुण्यात वेबसाइट बनवण्याचं काम करते. युरोपातल्या एका क्लायंटचं बुटांचं ऑनलाइन दुकान आमच्या टीमकडे होतं आणि कुकीच्या बॅनरचं, म्हणजे परवानगी विचारणाऱ्या पट्टीचं, काम माझ्या वाट्याला आलं. डिझाइन वरूनच ठरून आलेलं. 'सर्व स्वीकारा' हे भलंमोठं हिरवं बटण आणि त्याखाली बारीक, राखाडी अक्षरांत 'पर्याय पाहा'. नाकारायचं तर त्या पर्यायांत शिरा, तिथे जाहिरात कंपन्यांची लांबलचक यादी, प्रत्येकीपुढची परवानगी आधीच चालू, ती एकेक करून बंद करा आणि तळाला जाऊन 'जतन करा' शोधा. मी म्हटलं, नाकारण्याचं बटण पहिल्याच पडद्यावर आणि तेवढ्याच आकाराचं हवं. आमचे मॅनेजर म्हणाले, "अगं, नाकारलं की कार्ट चालणार नाही, लॉगिन टिकणार नाही. लोक वैतागून निघून जातील. आपण त्यांच्या सोयीसाठीच करतोय ना?"

हे वाक्य मला आजही सहन होत नाही, कारण कुकी जन्माला आली तीच कार्टसाठी, म्हणजे खरेदीच्या टोपलीसाठी. 1994 मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ती तयार केली. सर्व्हरला मागची विनंती कुणाची होती हे लक्षात राहत नाही, मग गिऱ्हाइकाने टोपलीत काय टाकलंय ते सांभाळायचं कुठे, ही त्यांच्यापुढची अडचण होती. त्यांनी ती नोंद गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवली, साधारण चार केबीपर्यंतचा मजकूर. ही कुकी त्या दुकानाची स्वतःची असते. तुम्ही मागितलेली सेवा देण्यासाठी जी कुकी अत्यावश्यक आहे, तिला युरोपच्या ई-प्रायव्हसी निर्देशात संमतीची अटच नाही. म्हणजे तुम्ही नाकारा दाबलंत तरी टोपली आणि लॉगिन जागच्या जागी राहतात. बंद होतात त्या इतर कुकीज: भेटींचा हिशेब ठेवणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे थर्ड पार्टी, त्रयस्थाच्या. एकाच जाहिरात कंपनीचा कोड बुटांच्या पानावर असतो, बातम्यांच्या पानावर असतो, पाककृतीच्या पानावरही असतो. तिन्हीकडे ती कंपनी आपली तीच कुकी वाचते, आणि म्हणून काल पाहिलेला बूट आज थालीपिठाच्या कृतीशेजारी दिसतो.

मी वाद घालत बसले नाही. टेस्ट सर्व्हरवर कोरं प्रोफाइल उघडलं, सगळ्या परवानग्या बंद केल्या, बूट टोपलीत टाकले, पत्ता भरला, टेस्ट कार्डाने पैसे भरले. ऑर्डर गेली. ते सगळं मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवलं.

ते करताना त्याहून वाईट गोष्ट सापडली. डेव्हलपर टूल्समधला, पान कुणाकुणाशी संपर्क करतं ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब उघडा होता, आणि बॅनरला हात लावण्याआधीच जाहिरात कंपन्यांच्या कुकीज येऊन बसलेल्या दिसत होत्या. त्यांचे स्क्रिप्ट पानासोबतच लोड होत होते. गिऱ्हाईक प्रश्न वाचणार, विचार करणार, नाकारणार, आणि तोवर सगळं होऊन गेलेलं. आणि भारतातून साइट उघडली तर बॅनर दिसायचाच नाही, ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे हे कोड, मात्र सगळेच्या सगळे. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "भारतात कोण विचारतंय?" मी इथे बसून युरोपातल्या माणसाला विचारण्याची सोय करायची आणि माझ्या घरच्या माणसांना विचारायचंसुद्धा नाही, हा अपमान आहे. मी तेव्हाही तो तसाच बोलून दाखवला.

कायदा माझ्याच बाजूने होता. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये प्लॅनेट 49 या कंपनीच्या खटल्यात सांगितलं होतं की आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. जानेवारी 2022 मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने गुगलला 15 कोटी युरो आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. कारण एकच: स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुगलने युरोपात 'सर्व नाकारा' हे बटण देत असल्याचं जाहीर केलं. दंडाची बातमी मी टीमपुढे मोठ्याने वाचली. पुढे क्लायंटच्या वकिलांनीही तेच मागितलं आणि दोन्ही बटणं सारख्या आकाराची झाली. मॅनेजर आजही म्हणतात, तुझ्या हट्टापायी संमतीचा टक्का घसरला. घसरायलाच हवा होता. बाहेर पडायचं दार लपवून मिळवलेला होकार मोजायचाच कशाला?

आता तुमचं क्रोम. सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, तिथे थर्ड पार्टी कुकीज, आणि त्या ब्लॉक करा. हे तुम्हालाच करावं लागेल. गुगलने 2020 मध्ये या कुकीज दोन वर्षांत हद्दपार करू असं सांगितलं, मुदती पुढे ढकलल्या आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडून दिला. अ‍ॅपलचं सफारी मार्च 2020 पासून त्या आपणहून अडवतं. फायरफॉक्स जून 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतं, म्हणजे एका साइटवरची ओळख दुसऱ्या साइटवर लागत नाही. मी स्वतः फायरफॉक्स वापरते आणि घरच्यांनाही तेच लावून दिलंय.

ब्राउझरमध्ये हे एकदा करून ठेवणं प्रत्येक बॅनरशी झगडण्यापेक्षा भरवशाचं आहे. बॅनर खरोखर ऐकतो की नाही ते तुम्हाला बाहेरून कळत नाही. आमचा ऐकत नव्हता. तरी नाकारण्याचं बटण समोर असेल तर दाबाच. ते आकडे कुणीतरी मीटिंगमध्ये बघत असतं.

सगळ्या कुकीज पुसायच्या असतील तर पुसा, पण सगळीकडून लॉगआउट व्हाल आणि बॅनर पुन्हा विचारायला लागतील, कारण तुमचा नकारही बहुतेक वेळा कुकीतच लिहून ठेवलेला असतो. त्यापेक्षा अ‍ॅड्रेस बारमधल्या साइटच्या नावाशेजारच्या चिन्हावरून त्या एकाच साइटचा डेटा काढून टाका. इनकॉग्निटो खिडकी बंद केल्यावर कुकीज जातात, पण ती उघडी असेपर्यंत ती साइट तुम्हाला ओळखत असते.

"भारतात कोण विचारतंय" याला आता उत्तर आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. 18 वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई असेल. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे. आमच्या ऑफिसात मी ही कलमं छापून नेऊन दिली आहेत.

काही गोष्टी राहिल्या. थर्ड पार्टी कुकीज अडवल्यावर दुसऱ्या साइटमध्ये बसवलेलं लॉगिन किंवा पेमेंटची चौकट क्वचित अडते. तेव्हा त्याच साइटपुरता अपवाद द्या, सगळं उघडू नका. तुम्ही ज्या खात्यात लॉगिन करून बसलात, त्या कंपनीला तुम्ही तिथे काय करता ते कुकी अडवूनही कळतंच. आणि हे सगळं ब्राउझरपुरतं आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅप्सना तुमचा माग काढायला कुकी लागत नाही, त्यासाठी जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, असतो. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्जमध्ये 'जाहिराती' शोधलंत की तो आयडी हटवायचा पर्याय मिळेल.