पाउच निवडण्याआधी उपकेंद्राचं कपाट बघून ये

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

जखमेवरच्या गॉजच्या पॅडसाठी पाठवलेले पाउचचे तिन्ही नमुने मिळाले. साधा कागदी पाउच, कागद-फिल्मचा (एक बाजू कागद, दुसरी प्लास्टिकची फिल्म) आणि टायवेकचा. यातला सगळ्यात चांगला कोणता, असं विचारलंस. याचं उत्तर आज देता येत नाही, कारण माल निर्जंतुक कसा करणार तेच तू अजून ठरवलेलं नाहीस. आधी ते ठरव. पुरवठादार उलट्या क्रमानं सांगतो, कारण त्याला पाउच विकायचा असतो.

तुझे गॉजचे पॅड सुती, त्यांना १२१ अंशांची वाफ चालते. वाफ आत शिरली पाहिजे नि बाहेरही निघाली पाहिजे, म्हणून पाउचची एक बाजू तरी सच्छिद्र हवी. इथिलीन ऑक्साइडचंही तसंच, फक्त तो वायू विषारी, तेव्हा मालातून तो पुरता निघून जायला वेळ द्यावा लागतो. गॅमा किरणांना अशी वाट लागत नाही, बंद खोक्यातूनही ते आरपार जातात. ट्रॉम्बेचा आयसोमेड, म्हणजे गॅमा किरणांनी वैद्यकीय माल निर्जंतुक करायचा प्रकल्प, १९७४ मध्ये सुरू झाला तो याच बळावर. पण साधं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक गॅमानं ठिसूळ होतं, आणि ते लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी कळतं. पुढे नाळेचे क्लॅम्प करायचे म्हणतेस, तेव्हा हे लक्षात असू दे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा विचार सोडून दे. सूत आणि कागद दोन्ही ते शोषून घेतात.

टायवेक दिसतो कागदासारखा, पण तो पॉलिथिलीनच्या धाग्यांचा. ओला झाला तरी फाटत नाही, उघडताना तंतू सुटत नाहीत. महागही तेवढाच. पाच गॉजच्या पाकिटाला त्याची गरज नाही बाप्पा! मेडिकल ग्रेड कागद आणि फिल्म पुरे. वाफेसाठी घेणार असशील तर फिल्म पॉलिस्टर-पॉलिप्रॉपिलीनची माग. पॉलिथिलीनची १२१ अंशांना टिकेल याचा भरवसा नाही. टायवेकचे पैसे टोकदार किंवा जड वस्तूसाठी राखून ठेव.

आता सील. माझ्या मते खरा घोटाळा इथेच होतो. तापमान, दाब आणि दाबून धरायचा वेळ, या तिन्हींच्या खालच्या-वरच्या मर्यादा तुझ्याच मशीनवर, तुझ्याच पाउचवर ठरवून लिहून ठेवाव्या लागतात. निर्जंतुक मालाच्या वेष्टनाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११६०७, त्याचा दुसरा भाग हेच मागतो. वाफेच्या पाउचच्या सीलची ताकद युरोपीय मानकात १५ मिलिमीटर रुंदीला किमान १.५ न्यूटन आणि सीलची रुंदी किमान ६ मिलिमीटर धरली आहे. पण सील जितकं घट्ट तितकं चांगलं, असं समजू नकोस. फार घट्ट झालं की उघडताना कागदच फाटतो आणि तंतू गॉजवर पडतात. आपल्याकडे लाइट जाते, आली तरी व्होल्टेज पडलेलं असतं, आणि काट्यावर आकडा दिसला म्हणजे सीलिंगची पट्टी तेवढी तापली असं नाही. स्टॅबिलायझर घेच. लाइट परत आल्यावरची पहिली पाकिटं मालात टाकू नकोस, आतून सीलच्या कडेला रंगद्रावण सोडून तपास. या चाचणीत सीलमधली ५० मायक्रॉनची वाटही दिसते, फक्त पटकन बघावं लागतं. कागद रंग पिऊन घेतो नि मग काही कळत नाही.

पाउचवरची रंग बदलणारी खूण बघून माल स्टराइल झाला, असं कामावरच्या बाया म्हणतील. त्यांना समजावून सांग. ती खूण एवढंच सांगते की पाकीट वाफेत जाऊन आलं.

मुदतीबद्दल. पुरवठादाराच्या कागदावर ५५ अंशांत साधारण ४५ दिवस ठेवून एक वर्षाची मुदत काढलेली असते. दर १० अंशांना पाउच जुना होण्याचा वेग दुप्पट, आणि गोदाम २५ अंशांचं, असा तो हिशेब. आता मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत २५ अंश कुठून आणायचे? ३५ धरलेस तर त्याच एका वर्षासाठी ९१ दिवस लागतात. म्हणून तो कागद जसाच्या तसा स्वीकारू नकोस, आणि खऱ्या हवामानात ठेवलेले नमुने सोबत चालू दे. ओलीचं वेगळंच. गडचिरोलीत भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, त्यामुळे तिकडचा माल पावसाळ्याआधीच भरून ठेवतात. तो चार महिने दमट खोलीत पडून असतो, आणि ओला झालेला कागद जंतू अडवत नाही.

म्हणून म्हणतो, समुद्रपूर तालुक्यातल्याच एखाद्या आरोग्य उपकेंद्रात जा, माल ठेवायचं कपाट बघ आणि सिस्टरला पाकीट उघडताना बघ. शहरातल्या थिएटरमध्ये पाकीट उघडून द्यायला दुसरं माणूस असतं. इथे रात्रीच्या बाळंतपणाला ती बहुतेक वेळा एकटीच. ग्लोव्ह घालण्याआधी तिला पाकीट सोलून आतलं सामान हात न लावता ट्रेमध्ये टाकता आलं पाहिजे. त्यासाठी वरच्या टोकाला दोन्ही अंगठ्यांनी धरायला मोकळी कड हवी. तुझ्या कागद-फिल्मच्या नमुन्यात ती जवळजवळ नाहीच. कुठून उघडायचं ते मराठीत छाप, बाणासकट. शंभर गॉजचं मोठं पाकीट स्वस्त पडतं खरं, पण एकदा उघडलं की उरलेलं कुणी फेकत नाही, तेच पुढच्या जखमेवर जातं. पाच-पाचचंच कर, आणि पाकीट पाऊण भागापेक्षा जास्त भरू नकोस, सीलवर ताण येतो. एसटीच्या टपावरून येणाऱ्या खोक्यात तर जास्तच.

परवान्याचं थोडक्यात: स्टराइल माल म्हटलं की तो वैद्यकीय उपकरणांच्या सगळ्यात कमी जोखमीच्या वर्ग ‘अ’मधला असला तरी परवाना लागतो. वर्ग ‘अ’ नि ‘ब’साठी तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून (एफडीए) मिळतो, फॉर्म एमडी-५ मध्ये. पाउच बदलला की चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, म्हणून अर्ज करण्याआधीच पाउच पक्का कर.

वरच्या टोकाला कागद आणि फिल्म दोन्हींची वीस-वीस मिलिमीटर कड मोकळी सोडून कागद-फिल्मचे नवे नमुने मागव. सील तूच करून पाठव, आणि प्रत्येकावर तापमान लिही, पण फिल्मच्या बाजूला. कागदावर पेनाची शाई आत झिरपते.

तुझा,
काका