काळी एकला उतरलेली गिटार

प्रश्न : ‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बममधलं ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ बसवतोय. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्यासारख्या तारा तीन अर्धस्वर उतरवल्या, पण खर्जाची तार झणझणते आणि कॉर्ड कणसूर लागते. तारांचा संच १०-४६ (सर्वांत बारीक ते सर्वांत जाड तारेची जाडी), ब्रिज (धडावरचा तारांचा आधार) पक्का. काय चुकतंय?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गाणं फार चांगलं निवडलंत. १९७१च्या या अल्बममधलं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ सगळे वाजवतात. दुसऱ्या बाजूवर मात्र ‘ऑर्किड’चा हळुवार अकूस्टिक तुकडा संपताच हे गाणं अंगावर येतं, आणि उतरलेल्या तारांचा खरा भार तिथे कळतो.

आधी सूर तपासा. जाड तारेकडून बारीककडे पेटीच्या भाषेत क्रम असा : काळी एक, काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, काळी चार, काळी एक. ट्यूनर ‘क्रोमॅटिक’वर ठेवा, नाहीतर तो नेहमीचेच सूर शोधत बसतो.

आता झणझण. खर्जाची तार ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ वर आली. ताण वारंवारितेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याच तारेवर तो जवळपास २९ टक्क्यांनी घटला. सैल तार जास्त हेलकावते. शिवाय तारांची ओढ कमी झाल्यावर आतल्या ट्रस रॉडचा (मान सरळ ठेवणाऱ्या धातूच्या सळीचा) जोर वरचढ होतो, मान मागे झुकते आणि पहिले चार-पाच फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारेला लागतात.

पहिला ताण परत हवा असेल तर १२-५४चा संच घाला. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. तिसरी तार साधीच मागून घ्या. जॅझच्या संचात ती वेटोळ्याची येते आणि ओढायला जड जाते. ५४ची तार ४६साठी कोरलेल्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते. सूर लावताना ‘टिक’ आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर दोष खुंटीचा नाही, खाचेचा आहे. खाच रुंद करून घ्या, पण खोल करू देऊ नका. खोल गेली तर मोकळी तार झणझणणारच. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार सहज सरकते.

मग मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान जिथे धडाला मिळते तिथे तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा. साधारण पाव मिलिमीटर हवी. फट नसेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने एका वेळी पाव फेराच सैल करा, पुन्हा सूर लावा आणि मगच पुन्हा मोजा. एका दमात पूर्ण फेरा कधीही नको.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून छेडलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल, तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्या. तरीही कॉर्ड चढीच लागली तर बोट तपासा. सैल तारेवर जरा जोर पडला तरी स्वर चढतो. आयोमीच्या तारा बारीकच असत, म्हणून त्याच्या डाव्या-उजव्या हातांइतकंच त्याच्या हलक्या दाबाकडे लक्ष द्यायला हवं.

ॲम्पवर बास आणि गेन दोन्ही थोडे उतरवा. आयोमी सुरुवातीच्या काळात लेनी ॲम्पच्या आधी ट्रेबल बूस्टर (उंच स्वर उठावदार करणारं उपकरण) लावायचा. खर्ज चिखल न होता ठसठशीत राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आणि बासवाल्यालाही तीन अर्धस्वर खाली आणा. सॅबथचा बासवादक गीझर बटलरही तसाच उतरायचा.

प्रश्न : अंबडच्या एमआयडीसीत प्रेसवर काम करताना डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं. जखम भरली आहे. आयोमीच्या बोटांवरच्या टोप्यांची गोष्ट खरी आहे का? मला गिटार शिकता येईल?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : गोष्ट खरी आहे, आणि शिकता येईल. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवरचाच हात. फोरमनने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून टोप्या घडवल्या, घासून बोटाला बसवल्या आणि वर चामडं चिकटवलं. चामडं महत्त्वाचं, कारण नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं. बारीक संच तेव्हा मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या.

तुम्ही घरी प्लास्टिक वितळवू नका. डॉक्टरांना विचारून मापाची सिलिकॉनची टोपी करून घ्या आणि टोकाला पातळ चामडं लावा. टोपीला तारेचा स्पर्श कळत नाही, म्हणून पहिले काही महिने दाब कानाने ओळखावा लागेल. ९-४२चा संच अर्धा स्वर उतरवून सुरुवात करा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या दोन तारांच्या कॉर्ड आधी घ्या, ओढकाम तर्जनीवर ठेवा. अगदी पहिल्यापासून शिकणार असाल तर आणखी एक वाट आहे : डावखुरी गिटार घ्या, म्हणजे फ्रेटवर धडधाकट उजवा हात येईल आणि डाव्याला फक्त पिक धरावं लागेल. विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंनी धरून बघा.

प्रश्न : तारा अशा उतरवायच्या, पण ब्रिज तरंगता (स्प्रिंगांवर हलणारा) असेल तर?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तारा सैल झाल्या की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला आत ओढतात आणि सगळ्या तारा फ्रेटवर बसतात. मागचं झाकण काढून क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, सूर लावा, ब्रिज समांतर येईपर्यंत हेच करत राहा. रोज सूर बदलणार असाल तर हा ब्रिज त्रास देईल. त्यापेक्षा एक गिटार कायम काळी एकलाच ठेवा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा जूनअखेर मानेची फट पुन्हा मोजा.