आजीचं बायबल अजून संपलं कसं नाही?

प्रिय सोनू,

परवा शनिवारी आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना तू मला कोपराने ढोसलंस आणि हळूच विचारलंस, "आई, आजीचं बायबल अजून संपलं कसं नाही? मी लहान होते तेव्हापासून ती तेच पुस्तक वाचतेय." मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तू तोंड वाकडं केलंस, कारण माझं 'नंतर' कधी येत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. अडलं तर मराठी शाळेतल्या बाईंना विचार. आजीचे वऱ्हाडी शब्द मात्र मलाच विचार, तुझ्या बाई पुण्याच्या आहेत.

आधी एक कबुली. बायबल मी संपवलंय. इथे मेलबर्नला आल्यावर फोनवर एक योजना घेतली होती, वर्षात पूर्ण बायबल. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. ट्राममध्ये वाचायचे आणि चौकोनात खूण करायची. लेवीयच्या पुस्तकात कितीदा डुलक्या काढल्या ते सांगत नाही. 31 डिसेंबरला शेवटची खूण केली आणि मोठ्या थाटात आजीला फोन लावला. ती म्हणाली, "बरं झालं पोरी. मंग काय भेटलं तुले?" मला काही म्हणजे काही सांगता येईना. शेवटी मीच विषय बदलून पावसाचं विचारलं.

आता आजीचं बघ. आपल्याकडे थंडीत सकाळचे दहा वाजतात तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या आपल्या गावात साडेपाच झालेले असतात. अंगण झाडून झालेलं असतं, चहा व्हायचा असतो. ती ओसरीत बसते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बायबलाला खताच्या पोत्याचं कव्हर, ते आजोबांनी दाभणाने शिवलेलं. शाळा तिची चौथीपर्यंतच, आणि तीही अर्धीमुर्धी. नीट वाचायला ती लग्नानंतर शिकली. मिशनच्या बायबलबाई घरोघरी येऊन बायकांना वाचायला शिकवायच्या, त्यांच्याकडून. त्यामुळे ती अजूनही ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने, थांबत थांबत वाचते. चार-पाच वचनं झाली की पुस्तक मिटते. तुला वाटतं ती हळू वाचते म्हणून संपत नाही. तेही खरं आहे म्हणा.

पण बायबलात मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र आहे, त्याच्या चौथ्या अध्यायात एक दृष्टान्त आहे, त्याचं आणि आजीचं काय चाललंय ते सांगते. येशू म्हणतो, देवाचं राज्य म्हणजे जणू एक माणूस जमिनीत बी टाकतो. रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजतं, वाढतं, पण कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. एवढंच. सगळी मिळून चारच वचनं.

आजी नवी नवरी होती तेव्हा गुरुवारच्या घर-प्रार्थनेत हे वाचलं गेलं आणि ती सगळ्यांसमोर बोलून गेली, "आपोआप? मंग निंदाले कोण जाते?" दिवसभर वावरात वाकून निंदण करून आलेली बाई ती, तिला 'आपोआप' शब्दाचा रागच आला. सासूबाईंनी डोळे वटारले. पण पाळकसाहेब हसले आणि म्हणाले, "बाई, हा प्रश्न सोडू नका."

तिने सोडला नाही. त्या काळी यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, म्हणजे पाळक होणाऱ्यांना शिकवणारं विद्यालय. 1953 ला ती तिथे सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. तिथले विद्यार्थी शनिवार-रविवारी गावात येत. एकाला आजीने धरलं. त्याने सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये इथे 'ऑटोमाते' असा शब्द आहे, आपण 'ऑटोमॅटिक' म्हणतो त्याच कुळातला. आजीला ऑटोमॅटिक म्हणून एकच गोष्ट ठाऊक होती, गावात आलेली पिठाची गिरणी. ती म्हणाली, "गिरणीतबी दाणे कोणीतरी टाकाच लागतात." विद्यार्थी बिचारा पुढच्या घरी गेला.

मग मी दुसरीत असतानाचं वर्ष. मृग बरा बरसला, सगळ्यांनी पेरून टाकलं आणि पाऊस पळाला. तीन आठवडे थेंब नाही. बी जमिनीतच भाजलं. दुबार पेरणी करायची तर बियाण्याला पैसे कुठून आणायचे? आजोबा रात्री उठून वावरात जाऊन बसायचे. आजीही जागीच. त्या दिवसांत तिने हा दृष्टान्त पुन्हा काढला आणि इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट तिला दिसली, की त्यातला कास्तकार झोपतो. मला हे तिने खूप नंतर सांगितलं. म्हणाली, "मी 'आपोआप'वरच भांडत होतो देवासंगं. तो माणूस झोपते, हे मले दिसलंच नव्हतं." त्या रात्री तिने प्रार्थनेत पाऊस मागितला नाही म्हणे. आजोबांना झोप दे, एवढंच मागितलं. पाऊस उशिरा आला, पीक अर्धंच झालं, दुकानाची उधारी पुढच्या दिवाळीपर्यंत चालली. वचन वाचलं आणि आभाळ भरून आलं, अशा गोष्टी काही लोक साक्ष देताना सांगतात. आमच्या घरी तसं झालं नाही, आणि आजी तसं सांगतही नाही.

तिसरी वेळ मी इकडे यायला निघाले तेव्हाची. नागपूरच्या विमानतळावर तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि प्रार्थना केली. त्यात ती म्हणाली, "बापा, हे कशी वाढली मले कळलंच नाही." मला वाटलं आईचं मन बोलतंय. विमानात बसल्यावर लक्षात आलं की हे तर तेच वचन. बी वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. माझ्याबद्दल बोलताना ती मार्कच्या चौथ्या अध्यायात उभी होती.

म्हणजे एका दृष्टान्ताला चाळीसेक वर्षं लागली, आणि अजून कणीस व दाणा राहिलेच आहेत. आता तूच हिशोब कर.

आजीची प्रार्थनाही तू ऐकली आहेस, पण तुला ती पुटपुट वाटते. ती जे वाचते तेच परत देवाला सांगते, आपल्या शब्दांत. आधी वचन तिच्याशी बोलतं, मग ती त्याच धाग्यावर देवाशी बोलते. दोन वेगळी कामं नाहीत ती. समजलं नाही तर तसंच सांगते, "हे मले नाई समजलं, उद्या दाखव." आणि सगळं वऱ्हाडीत. मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, पुष्कळ जण प्रार्थनेला उभे राहिले की एकदम पुस्तकी होतात, 'हे परमकृपाळू' वगैरे. आजी म्हणते, देवाले वऱ्हाडी येते. तू गेल्या महिन्यात विचारलं होतंस ना, इंग्रजीत प्रार्थना केली तर चालेल का? चालेल.

हे साध्या भाषेचं प्रकरण मोठं आहे. पंडिता रमाबाई केवढ्या संस्कृत विदुषी, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्यासोबत राहणाऱ्या बायकांना छापलेलं मराठी बायबल जड जातं हे त्यांनी पाहिलं. मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. किती वर्षं! 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. आजीकडे ते भाषांतर नाही, तिच्याकडचं पुस्तक बायबल सोसायटीने छापलेलं आहे. पण चौथी शिकलेल्या बाईने स्वतः वाचावं आणि स्वतः भांडावं, ही सोय अशा माणसांनी करून ठेवली.

आणि हळू वाचणारी आजी एकटीच नाही बरं. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते, तेव्हा डब्यातल्या एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत वाचत मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. त्या शब्दांपासून त्यांना दूर होता येईना. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आपल्या मंडळीत टाळ-पेटीवर अभंग म्हणतात आणि तुला इथल्या चर्चमधल्या गिटारपेक्षा ते 'वेगळंच' वाटलं होतं, त्यातले कितीतरी त्यांचे आहेत.

आणखी एक, भाकरीबद्दल. प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणताना तू 'आमची रोजची भाकर' आलं की हसतेस, कारण तुझ्या डोळ्यांसमोर आजीची ज्वारीची भाकर येते. हसू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण येऊ दे डोळ्यांसमोर. बेथलेहेम या नावाचा हिब्रूत अर्थच 'भाकरीचं घर' असा आहे. आणि कापूसवाल्या घरात 'रोजची' म्हणणं किती अवघड ते इथे कळत नाही. आपल्या हातात पंधरवड्याला पगार येतो. आजोबांच्या हातात पैसा यायचा तो कापूस विकल्यावर, वर्षातून एकदा, आणि त्यातला निम्मा आधीच गेलेला. तरी आजीने वर्षाची मागितली नाही. सकाळी पाच वचनं, दुपारी चार भाकरी, दोन्ही उद्यासाठी शिल्लक ठेवायच्या नाहीत, असं तिचं चालतं. दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या भाकरीचा कुस्कराही ती मस्त करते, हे कबूल केलं पाहिजे.

एकटीने वाचून सगळं उमगतं असंही ती मानत नाही. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. येशूचा एक अनुयायी फिलिप धावत जाऊन विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आजीला हा अधिकारी फार आवडतो. एवढा मोठा साहेब, पण लाजला नाही. गुरुवारच्या प्रार्थनेत एक म्हातारी येते, अक्षरओळख नाही, शेळ्या राखते. हरवलेल्या मेंढराचं वाचन झालं की सगळे तिच्याकडे बघतात. नव्व्याण्णव मागे सोडून एकीला शोधायला जायचं म्हणजे काय, हे तिथे तिच्याइतकं कोणाला कळणार? पाळकसाहेबसुद्धा तिचं ऐकून घेतात.

मी आता खुणा करणं सोडलंय. रात्री तू झोपल्यावर मार्क काढते, बोट ठेवून वाचते. अजून तिसऱ्या अध्यायातच आहे.

येत्या शनिवारी दहाला तूच फोन लाव. आधी 'जय ख्रिस्त' म्हण. आणि मग विचार की कणसाचं काय झालं, तिला बरोब्बर कळेल. फक्त ती चष्मा शोधेल तोवर थांब, तो बहुतेक तिच्या डोक्यावरच असतो.

तुझी,
आई